लिनक्सवर स्क्रीन लॉक, स्लीप आणि वेक-अप: कोणतं सेटिंग नेमकं काय करतं?

मोबाईलवर आपण पॉवर बटण दाबतो, स्क्रीन काळी होते, फोन लॉक होतो आणि खिशात जातो. एका बटणात सगळं झालं. म्हणून पहिल्यांदा लिनक्स लॅपटॉप हातात आला की आपण तेच गृहीत धरतो: स्क्रीन काळी झाली म्हणजे लॉक झालं. इथेच गडबड होते. लिनक्स डेस्कटॉपवर स्क्रीन बंद होणं, लॉक होणं आणि मशीन झोपणं ही तीन वेगळी कामं आहेत. तिघांची सेटिंग्जही वेगळी आहेत, आणि एक चालू असताना दुसरं बंद असू शकतं.

पंढरपुरात हे नीट समजून घेण्याला जरा जास्त कारण आहे. लॉजच्या काउंटरवर मुक्कामाला आलेल्या प्रत्येकाच्या आधार कार्डाची कॉपी घेतली जाते. सेवा केंद्रांत उत्पन्नाच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंतची कागदपत्रं स्कॅन होतात. अशा ठिकाणी जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू किंवा मिंट टाकून काम भागवणं सोपं आणि फुकट पडतं. आषाढीच्या गर्दीत काउंटरवरचा मुलगा पाच मिनिटं चहाला गेला आणि स्क्रीन उघडी राहिली, तर शेकडो अनोळखी माणसांचे नंबर, पत्ते आणि फोटो समोरच्या कोणालाही दिसू शकतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावरच आहे.

(लेखात मेनू, बटणं आणि कमांड यांची नावं देवनागरीत दिली आहेत. मशीनवर ती इंग्रजीत दिसतील, आणि टाइप करायची असतील तेव्हा इंग्रजी अक्षरांतच करायची.)

आधी तीन शब्द वेगळे करा

ब्लँक: फक्त डिस्प्ले बंद होतो. आत सगळं चालू असतं. डाउनलोड चालतं, गाणं चालतं. माउस हलवला की स्क्रीन परत येते. लॉक नसेल तर पासवर्ड न विचारता येते.

लॉक: स्क्रीनवर पासवर्डचा पडदा येतो. मशीन जागंच असतं. पडद्यामागे प्रोग्रॅम चालू राहतात.

सस्पेंड: मशीन झोपतं. उघड्या फाइल्स आणि प्रोग्रॅम रॅममध्ये तसेच ठेवले जातात, बाकी जवळपास सगळं थांबतं. फोन झोपला तरी कॉल आणि मेसेज येत राहतात. लॅपटॉप सस्पेंड झाला की इंटरनेट तुटतं आणि डाउनलोड थांबतं.

चौथा शब्द हायबरनेट. यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं आणि मशीन पूर्ण बंद होतं. त्यासाठी डिस्कवर पुरेशी स्वॅप जागा लागते. उबुंटूमध्ये हा पर्याय सहसा चालू केलेला नसतो, त्यामुळे मेनूत दिसला नाही तर घाबरू नका.

उबुंटू आणि इतर जीनोम डेस्कटॉप

उबुंटू 24.04 मध्ये रस्ता असा: सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग स्क्रीन लॉक. 22.04 वर असाल तर प्रायव्हसीच्या आत 'स्क्रीन' नावाने हेच पान मिळेल. तिथे या गोष्टी दिसतात:

1. ब्लँक स्क्रीन डिले: किती वेळ हात लावला नाही तर स्क्रीन काळी करायची. मुळात 5 मिनिटं असतं.

2. ऑटोमॅटिक स्क्रीन लॉक: हे चालू हवं.

3. ऑटोमॅटिक स्क्रीन लॉक डिले: स्क्रीन काळी झाल्यावर आणखी किती वेळाने लॉक करायचं. 'स्क्रीन टर्न्स ऑफ' निवडलं तर काळी होताक्षणी लॉक.

4. लॉक स्क्रीन ऑन सस्पेंड: झोपताना लॉक करायचं का. हेही चालूच ठेवा.

5. नोटिफिकेशन्स ऑन लॉक स्क्रीन: लॉक असताना मेसेज दाखवायचे का.

इथे दोन खाचा आहेत. पहिली म्हणजे दोन्ही वेळांची बेरीज होते. ब्लँक 5 मिनिटं आणि लॉक डिले 30 मिनिटं ठेवला, तर तुम्ही उठून गेल्यावर 35 मिनिटं मशीन कोणालाही उघडं आहे. दुसरी खाच जास्त वाईट. काही जण स्क्रीन सारखी काळी होते म्हणून वैतागून ब्लँकचा वेळ 'नेव्हर' करतात. आपोआप होणारं लॉक या ब्लँकवरच टांगलेलं आहे. ब्लँक कधीच होणार नसेल तर लॉकही कधीच होणार नाही, बाजूचं लॉकचं बटण चालू दिसत असलं तरी.

नोटिफिकेशनचंही बघा. फोन केडीई कनेक्टने लॅपटॉपला जोडलेला असेल तर फोनवरचे मेसेज लॅपटॉपवर येतात. त्यात बँकेचा ओटीपी असतो. लॉक स्क्रीनवर तो दिसत असेल तर लॉकचा अर्धा उपयोग गेला. काउंटरवरच्या मशीनवर हे बंदच बरं.

सस्पेंडचं सेटिंग वेगळ्या पानावर आहे: सेटिंग्ज, पॉवर, ऑटोमॅटिक सस्पेंड. बॅटरीवर असताना आणि चार्जर लावलेला असताना, असे दोन वेगळे वेळ देता येतात. पॉवर बटण दाबल्यावर काय व्हावं, तेही याच पानावर ठरतं.

हाताने लॉक करायला सुपर आणि एल एकदम दाबा. सुपर म्हणजे कीबोर्डवरचं विंडोजच्या चिन्हाचं बटण. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, ही सवय मात्र लावून घ्या. खुर्चीवरून उठताना दोन बोटांचं काम आहे.

लिनक्स मिंट

मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर लॉकचं सेटिंग सिस्टम सेटिंग्जमधल्या 'स्क्रीनसेव्हर' पानावर असतं. किती वेळाने स्क्रीनसेव्हर सुरू व्हावा, तो सुरू झाल्यावर लॉक करायचं का, किती वेळाने करायचं, आणि झोपताना लॉक करायचं का, हे चारही पर्याय तिथे मिळतात. स्क्रीन बंद करण्याचा आणि सस्पेंडचा वेळ मात्र 'पॉवर मॅनेजमेंट' पानावर आहे.

दोन पानं असल्यामुळे एक घोळ होतो. पॉवरमध्ये स्क्रीन 5 मिनिटांनी बंद करायला सांगितली आणि स्क्रीनसेव्हरला 15 मिनिटं दिली, तर मधली 10 मिनिटं स्क्रीन काळी दिसते पण लॉक नसते. लांबून बघणाऱ्याला वाटतं मशीन बंद आहे. जवळ येऊन माउस हलवणाऱ्याला सगळं दिसतं. म्हणून स्क्रीनसेव्हर आणि लॉकचा एकूण वेळ स्क्रीन बंद होण्याच्या वेळेपेक्षा कमी किंवा तेवढाच ठेवा.

हाताने लॉक करण्यासाठी: कंट्रोल, ऑल्ट आणि एल.

केडीई प्लाझ्मा

सिस्टम सेटिंग्जमध्ये 'स्क्रीन लॉकिंग' शोधा. आपोआप लॉकचा वेळ आणि झोपेतून उठल्यावर लॉक, हे दोन मुख्य पर्याय. सोबत एक सवलतीचा वेळ असतो: लॉक झाल्यानंतर इतक्या सेकंदांत परत आलात तर पासवर्ड विचारणार नाही. वाचता वाचता स्क्रीन लॉक झाली आणि लगेच माउस हलवला, अशा वेळी हे सोयीचं पडतं. काही सेकंदांच्या पुढे नेऊ नका.

केडीईची पॉवर सेटिंग्ज सगळ्यात सविस्तर आहेत. चार्जरवर, बॅटरीवर आणि बॅटरी संपत आल्यावर, अशा तीन अवस्थांसाठी सगळं वेगळं ठरवता येतं. झाकण बंद केल्यावर काय करायचं, तेही तिथेच. लॉकचा शॉर्टकट जीनोमसारखाच, सुपर आणि एल.

एक्सएफसीई

जुन्या, 2 ते 4 जीबी रॅमच्या मशीनवर बरेच जण हा डेस्कटॉप टाकतात. इथे 'पॉवर मॅनेजर' आणि 'स्क्रीनसेव्हर' असे दोन प्रोग्रॅम बघावे लागतात. पॉवर मॅनेजरमध्ये 'झोपताना लॉक करा' अशा अर्थाचा पर्याय आहे. त्यावर टिक आहे का, हे एकदा तपासा.

कोणी किती वेळ ठेवावा?

याला सरकारी नियम नाही, पण अंदाज देता येतो.

घरातला, एकट्याचा लॅपटॉप: ब्लँक 5 मिनिटं, लॉक लगेच किंवा 30 सेकंदांनी.

हॉस्टेलची खोली किंवा कॉलेजची लॅब: ब्लँक 2 ते 3 मिनिटं, लॉक लगेच. उठताना हाताने लॉक.

लॉज, सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान: ब्लँक 1 ते 2 मिनिटं, लॉक लगेच, लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशन बंद. काउंटरवर दोघं-तिघं आळीपाळीने बसत असतील तर प्रत्येकाचं वेगळं युजर अकाउंट करा. एकच पासवर्ड सगळ्यांना माहीत असला आणि तो मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला असला, तर लॉक असून नसल्यासारखंच.

सारखा पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो, हे खरं आहे. लॅपटॉपमध्ये लिनक्सला चालणारा फिंगरप्रिंट सेन्सर असेल तर जीनोममध्ये सेटिंग्जच्या युजर्स पानावर बोटाचा ठसा नोंदवता येतो. मग अनलॉक करणं मोबाईलइतकंच सोपं.

आज झोपायचं नाही

कधी कधी उलटी गरज असते. ऑनलाइन परीक्षा आहे, प्रोजेक्टरवर प्रेझेंटेशन आहे, मोठं डाउनलोड चालू आहे, किंवा हॉलमध्ये लाइव्ह दर्शन लावलंय. अशा वेळी लोक सेटिंगमध्ये जाऊन सगळं 'नेव्हर' करतात आणि नंतर परत करायला विसरतात.

पंढरपूरकरांना यावरचा उपाय समजायला एक मिनिटही लागणार नाही. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत विठ्ठलाचा पलंग काढला जातो. देवाची निद्रा बंद, शेजारती बंद, दर्शन चोवीस तास. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते, पलंग परत येतो आणि रोजचा क्रम सुरू होतो. क्रम कोणी बदलत नाही, काही दिवसांपुरता बाजूला ठेवतात. लिनक्समध्ये याला इनहिबिट म्हणतात. एखादा प्रोग्रॅम सिस्टमला सांगतो, 'माझं काम होईपर्यंत झोपू नको.' काम संपलं की अडवणूक आपोआप उठते.

व्हीएलसीमध्ये सिनेमा चालू असताना किंवा ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असताना स्क्रीन काळी होत नाही, ती यामुळेच. स्वतः असं करायचं असेल तर जीनोमसाठी 'कॅफिन' नावाचं एक्स्टेन्शन आहे. ते चालू केलं की मशीन जागं, बंद केलं की नेहमीसारखं. एक्सएफसीईच्या पॉवर मॅनेजरमध्ये 'प्रेझेंटेशन मोड' हेच काम करतो. टर्मिनलवाल्यांसाठी 'सिस्टमडी-इनहिबिट' ही कमांड आहे. तिच्यापुढे आपली कमांड लिहिली की ती चालू असेपर्यंत मशीन झोपत नाही.

लक्षात ठेवा, कॅफिन चालू असताना आपोआप लॉकही होत नाही. मशीन सोडून जाणार असाल तर हाताने लॉक करा. डाउनलोड लॉकच्या मागे चालू राहतं.

झाकण बंद केल्यावर

बहुतेक लिनक्सवर झाकण मिटलं की लॅपटॉप सस्पेंड होतो. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर सहसा होत नाही. मिंट, केडीई आणि एक्सएफसीईमध्ये हे पॉवर सेटिंगमधून बदलता येतं. जीनोममध्ये मात्र सेटिंग्जमध्ये याचं बटण नाही. तिथे 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'सिस्टमडी' फोल्डरात 'लॉगइनडी डॉट कॉन्फ' नावाची फाइल अॅडमिन म्हणून उघडावी लागते. त्यात 'हँडललिडस्विच' या नावाची ओळ शोधा. ओळीच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढा आणि बरोबरच्या चिन्हापुढे हवा तो शब्द लिहा: सस्पेंड, लॉक, पॉवरऑफ किंवा इग्नोअर. फाइल सेव्ह करून मशीन रीस्टार्ट करा.

झाकण मिटूनही काम चालू ठेवायचं असेल तर 'इग्नोअर' ऐवजी 'लॉक' लिहा. मशीन जागं राहतं आणि झाकण उघडणाऱ्याला पासवर्ड लागतो. असा जागा लॅपटॉप बॅगेत मात्र टाकू नका. सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात बाहेर चाळीसच्या वर पारा असताना बंद बॅगेत चालू प्रोसेसर म्हणजे चूल पेटवल्यासारखं आहे.

बॅगेत बॅटरी का संपते?

सस्पेंड करून बॅगेत ठेवला, एसटीने पुण्याला उतरलो, बघतो तर लॅपटॉप गरम आणि बॅटरी निम्मी. ही तक्रार बऱ्याच नवीन लॅपटॉपबद्दल येते, आणि तिचं कारण समजण्यासारखं आहे.

झोपेचे दोन प्रकार असतात. जुन्या पद्धतीची गाढ झोप, तिला 'डीप' म्हणतात. त्यात रॅम सोडून जवळपास सगळ्याची वीज तोडली जाते. दुसरी मोबाईलसारखी हलकी झोप, तिचं नाव 'एसटूआयडल'. त्यात मशीन पटकन उठतं, पण एखादा भाग नीट झोपला नाही तर बॅटरी खात राहतो. नवीन लॅपटॉपपैकी अनेकांत गाढ झोप कंपनीने दिलेलीच नसते.

तुमच्याकडे काय आहे ते बघायला 'सिस' फोल्डरमधल्या 'पॉवर' फोल्डरात 'मेम_स्लीप' ही छोटी फाइल वाचा. दोन्ही शब्द दिसले तर ज्याला चौकटी कंस आहे तो सध्या चालू आहे. 'डीप' उपलब्ध असून वापरात नसेल तर कर्नल सुरू होतानाच्या पर्यायांत 'मेम_स्लीप_डिफॉल्ट' ला 'डीप' ही किंमत देता येते. फक्त 'एसटूआयडल' दिसलं तर लांबच्या प्रवासात सरळ शटडाउन करा. एसएसडी असलेला लॅपटॉप परत सुरू व्हायला फार वेळ लागत नाही.

आपोआप जाग का येते?

रात्री सस्पेंड केलेला कॉम्प्युटर पहाटे काकड्याच्या वेळी स्वतःच उठून बसलेला दिसला, तर भूतबाधा समजू नका. मशीनला उठवू शकणारे बरेच जण असतात: पॉवर बटण, झाकण, कीबोर्ड, यूएसबी माउस, नेटवर्क केबल आणि आतलं घड्याळ. वायरलेस माउसचा डोंगल लावलेला असेल आणि टेबलाला धक्का लागला, तेवढंही पुरतं.

कोणाला उठवण्याची परवानगी आहे, ही यादी 'प्रॉक' फोल्डरातल्या 'एसीपीआय' फोल्डरमधल्या 'वेकअप' फाइलमध्ये असते. प्रत्येक नावापुढे 'एनेबल्ड' किंवा 'डिसेबल्ड' लिहिलेलं दिसतं. अॅडमिन म्हणून त्या फाइलमध्ये एखादं नाव लिहिलं की त्याची अवस्था उलटी होते. हा बदल रीस्टार्टनंतर पुसला जातो, म्हणून प्रयोग करून बघायला सुरक्षित आहे. सोपा उपाय आधी करा: रात्री डोंगल काढून ठेवा.

मुद्दाम ठराविक वेळी उठवायचं असेल तर 'आरटीसीवेक' कमांड आहे. किती सेकंदांनी जागं व्हायचं ते तिला सांगायचं.

लाइट गेली तर?

सस्पेंडमध्ये तुमचं काम रॅममध्ये असतं आणि रॅमला वीज लागते. लॅपटॉपला बॅटरी आहे. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि झोपेत असताना लाइट गेली, तर सेव्ह न केलेलं सगळं गेलं. म्हणून डेस्कटॉप सस्पेंड करण्याआधी फाइल सेव्ह करा.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच डेस्कटॉपच्या बायोसमध्ये 'लाइट आल्यावर आपोआप सुरू हो' असा पर्याय असतो. त्यासोबत लिनक्समध्ये ऑटोमॅटिक लॉगिन चालू असेल, तर लाइट गेली आणि आली की मशीन स्वतः सुरू होऊन पासवर्ड न विचारता थेट डेस्कटॉप दाखवतं. तुम्ही कुलूप लावून गेलात आणि महावितरणने उघडून दिलं, असा प्रकार. काउंटरवरच्या मशीनवर ऑटोमॅटिक लॉगिन बंद ठेवा.

पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही

मराठी टाइप करणाऱ्यांची ही खास अडचण आहे. लॉक होण्याआधी इन्स्क्रिप्टमध्ये अर्ज टाइप करत होतात. लॉक झालं, परत आलात, पासवर्ड टाकला, चुकला. परत टाकला, परत चुकला. कारण कीबोर्ड अजून मराठीवरच असू शकतो आणि ठिपक्यांमागे इंग्रजीऐवजी देवनागरी अक्षरं जात असतात.

लॉक स्क्रीनवर कीबोर्डच्या भाषेचं छोटं चिन्ह असतं, ते बघा. जीनोममध्ये सुपर आणि स्पेस दाबून भाषा बदलते. पासवर्डच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबून काय टाइप होतंय ते पाहता येतं, फक्त मागे कोणी उभं नाही ना, ते आधी बघा. कॅप्स लॉकही तपासा.

उठल्यावर स्क्रीन काळीच राहिली, पण पंखा चालू आहे, असं झालं तर लगेच बटण दाबून बंद करू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 दाबा. अक्षरांची काळी स्क्रीन आली तर मशीन जिवंत आहे. तिथे लॉगिन करून 'रीबूट' कमांड दिली की ते व्यवस्थित बंद होऊन सुरू होईल. हे वारंवार होत असेल तर बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा प्रश्न असतो. आधी ड्रायव्हर आणि कर्नल अपडेट करून बघा.

लॉक काय वाचवतं, काय नाही

जानेवारी 2021 मध्ये लिनक्स मिंटमध्ये एक बग सापडला. तो सापडला लहान मुलांना. वडिलांच्या लॉक केलेल्या मशीनवर दोन मुलं खऱ्या आणि स्क्रीनवरच्या कीबोर्डची बटणं वाटेल तशी बडवत बसली. लॉकचा प्रोग्रॅम कोसळला आणि मागचा डेस्कटॉप उघडा पडला. मिंटने नंतर दुरुस्ती दिली.

असं होऊ शकलं, कारण जुन्या एक्स11 पद्धतीत असा लॉक म्हणजे सगळ्यांवर पसरलेली एक खिडकी असते. ती खिडकी पडली की मागचं दिसतं. नव्या वेलँड पद्धतीत लॉकसाठी वेगळा नियम आहे: लॉकचा प्रोग्रॅम कोसळला तरी डेस्कटॉप दाखवायचा नाही. अपडेट लांबणीवर टाकू नका असं सगळे सांगतात, त्याचं एक कारण हे.

याहून मोठी मर्यादा वेगळीच आहे. लॉक फक्त चालू मशीनसमोर बसलेल्या माणसाला अडवतो. कोणी लॅपटॉपच उचलून नेला, पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स सुरू केलं किंवा डिस्क काढून दुसरीकडे लावली, तर तुमच्या पासवर्डला तिथे कोणी विचारत नाही. त्यावर उपाय डिस्क एन्क्रिप्शन, लिनक्समध्ये त्याचं नाव 'लक्स'. उबुंटू किंवा मिंट इन्स्टॉल करतानाच तो पर्याय मिळतो. नंतर करायचं म्हटलं तर बॅकअप घेऊन नव्याने इन्स्टॉल करणं सोपं पडतं. आणि सस्पेंडमध्ये एन्क्रिप्शनची किल्ली रॅममध्येच राहते, त्यामुळे पूर्ण संरक्षण मशीन बंद असतानाच मिळतं.

आज करायच्या पाच गोष्टी

1. ब्लँक आणि लॉक यांच्या वेळांची बेरीज करून बघा. पाच मिनिटांच्या वर असेल तर कमी करा.
2. 'झोपताना लॉक' चालू आहे का ते तपासा. झाकण मिटून उघडा. पासवर्ड विचारला पाहिजे.
3. लॉक स्क्रीनवरची नोटिफिकेशन्स आणि ऑटोमॅटिक लॉगिन बंद करा.
4. लॉकचा शॉर्टकट पाठ करा आणि शेजारी बसणाऱ्यालाही शिकवा.
5. इतरांची कागदपत्रं ठेवणारं मशीन असेल तर काम झालेल्या कॉपी पुसून टाका. जी फाइल मशीनवर नाहीच, तिला लॉक लागत नाही.